आधी कुणाचा पाय

उमादेवीचं कोपर म्हणजे एसटीतला दांडा झालतं. ज्याला दिसंल त्यानं धरायचं.

काचबिंदूनं तिची नजर खाल्ली त्याला आता बरेच दिवस झाले होते. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं. आता उजेड कुठल्या अंगाला हाय तेवढं कळायचं, बास. पण जिंतूरच्या त्या घरात तिला डोळ्याचं काही अडायचं न्हाई. म्होरं रस्त्याला तिच्या नवऱ्याचं, अण्णारावाचं सरकीपेंडेचं दुकान, मागं घर, त्याच्या मागं हौद. कुठली शहाबादी फरशी हालती, कुठलीची कड वर आलीय, हे तिच्या तळव्याला पाठ. भाकर थापायची, दूध उतू जायच्या आधी उतरवायची, मांजर आत आलं की नुसत्या हवेवरून "हाड" म्हणायची. बाई बिनघोर होती.

तकलीफ व्हायची ती लोकांची. उंबरा आला की कोपराला हात. पायरी आली की कोपराला हात. काहीच न्हाई आलं तरी कोपराला हात, अन् कानात "हळू, हळू." त्यात सगळ्यात पक्का हात तिच्या नणंदेचा, वैजयंतीचा. ती त्याच गल्लीत दिलेली, त्यामुळं तिला यायला निमित्त लागायचं न्हाई. वैजयंतीला आणखी एक खोड होती. पायरी चढून झाल्यावर ती मोठ्यांदा वरडायची, "पायरी हाय गं वैनी!"

तरी उमादेवीनं ते चालवून घेतलं असतं. पण पुतण्याच्या लग्नात देवाच्या गुग्गुळाची मिरवणूक निघाली, म्होरं वाजंत्री, मधी पेटलेल्या गुग्गुळाची मडकी, मागं बायका अनवाणी. रस्त्यात कुठंतरी शेण पडलेलं. वैजयंतीनं उमादेवीचं डावं कोपर धरून डावीकडं वढलं. दुसऱ्या अंगाला एक चुलत जाऊ होती, तिनं उजवं धरून उजवीकडं वढलं. दोघी शेण चुकवून गेल्या. उमादेवी मधल्या मधी बसली, नेमकी शेणात.

अन् वरून काय ऐकू आलं? "बिचारी. दिसत न्हाई ना."

वढलं कुणी, हे कुणीच म्हणलं न्हाई. त्या दिवशी लुगडं धुता धुता उमादेवीनं मनात गाठ मारली. आता ह्यापुढं चारचौघात जाईन तर माझ्या पायानं जाईन.

आवंदा तिच्याच पोराचं, शिवकुमारचं लग्न निघालं. पोरगी नांदेडची, राजेश्री नावाची, चांगली हसतमुख. आता लग्न म्हणलं की आदल्या दिवशी संगीताचा कार्यक्रम आलाच. पहिले आपल्यात असलं काही नव्हतं, पण आता जिंतुरात बी डीजे लागतो, पडद्यावर नवरा-नवरीचे फोटो फिरतात, अन् नाच शिकवायला परभणीहून पोरगी येते. ह्यांच्याकडं आली ती प्रियांका. अंगानं बारीक, बोलणं फटाफट, अन् बसमधून उतरली की पहिलं पाणी मागायची.

माजघरात बसून कोण कधी नाचणार ते ठरायलं होतं. प्रियांका म्हणली, "नवरदेवाच्या आईबाबांचा एक कपल डान्स ठेवू. सगळीकडं ठेवतात. लोकांना लय आवडतो."

शिवकुमारनं आवाज बारीक केला. "नको. आईला जमायचं न्हाई. आपुन आईला मधी सोफ्यावर बसवू, अन् आमी सगळे तिच्या भवती नाचू. छान दिसंल."

आवाज बारीक करून काय उपयोग? डोळे गेलेल्या माणसाला भिंत बी ऐकू येते. उमादेवी पिठाच्या हातानंच बाहेर आली.

"मला मधी बसवणार, अन् भवती नाचणार?"

"आई, तसं न्हाई—"

"होळी हाय का रे मी?"

प्रियांकाला हसू आवरंना. शिवकुमार मान खाली घालून बसला.

"काय गं पोरी," उमादेवी म्हणली, "ह्या नाचात काय करावं लागतं?"

"काही न्हाई काकू. दोघं समोरासमोर. बाप्या जिकडं जाईल तिकडं बाईनं जायचं."

"जन्मभर त्येच केलंय. पण मला दिसत न्हाई, म्हाईत हाय ना तुला?"

"काकू, खरं सांगू? ह्याच्यात बाईनं बघायचं नसतंच. पायाकडं बघितलं की चूक झालीच समजा. समोरचा कुठं जायलाय ते हातातून कळतं, पाठीवरून कळतं. मी पोरींना सांगून सांगून थकते, डोळे मिटा म्हणून."

उमादेवी तिच्या जवळ सरकली. पिठाचे हात अधांतरी.

"पुन्हा बोल," ती म्हणली.

प्रियांका पुन्हा बोलली.

"शिवा, दुकानात जा, अन् तुझ्या आप्पाला बोलीव."

अण्णाराव आले ते अंगावर पेंडेची भुकटी घेऊन. सगळं ऐकून घेतलं अन् म्हणले, "मी? नाच? माझे पाय पोतं उचलायला हायेत. लग्नातल्या वरातीत बी मी कधी हात वर केला न्हाई."

"हात वर करायचाच न्हाई," उमादेवी म्हणली. "माझ्या पाठीवर ठिवायचाय."

हे ऐकून तर अण्णाराव आणखीच बेजार झाले. पोराच्या देखत!

पण बायकोचा आवाज वळखत होते ते. ह्या आवाजावर वाद घालायचा नसतो, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

शिकवणी सुरू झाली दुपारी, दुकान जेवायला बंद असायचं त्या येळेला. प्रियांकानं अण्णारावाचा उजवा हात धरून उमादेवीच्या पाठीवर ठेवला, खांद्याच्या जरा खाली. त्यांनी तो असा ठेवला जसा तापल्या तव्यावर ठेवलाय. डाव्या हातात उमादेवीचा उजवा हात. उमादेवीचा दुसरा हात त्यांच्या दंडावर.

"आता दोघांत अंतर पाहिजे," प्रियांका म्हणली.

अंतराचं काम आपोआप झालं. दोघांच्या बी गळ्यात लिंगायतांच्या रीतीनं इष्टलिंग, चांदीच्या डबीत. लय जवळ आले की सदऱ्याच्या आतली डबी पदराच्या आतल्या डबीवर 'टक्' वाजायची. उमादेवीला तेवढं बास होतं. टक् झालं की इंचभर मागं.

"काका, डावा पाय पुढं. काकू, उजवा पाय मागं. मग दोघं बाजूला. मग पाय जुळवा. चला!"

अण्णारावानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला, डोळे मिटले, अन् टाकला पाय. उजवा.

उमादेवीचा उजवा मागं गेला, डावा जागीच होता. त्याच्यावर अण्णारावाचा पंजा असा बसला की तिच्या तोंडून "अगं माय" निघालं.

"काका, डावा म्हणलं."

पुन्हा उजवा. पुन्हा अगं माय. तिसऱ्या खेपंला प्रियांकानं त्यांच्या डाव्या मांडीवर थापटी मारली, "हा! हा पाय!"

अण्णाराव तटून उभे राहिले. "हे बघ पोरी. डावा पाय आधी मी टाकणार न्हाई. शुभकार्य हाय. दुकानाचं शटर वर गेल्यावर आजपोत्तर मी उजवाच पाय आत टाकला. एकदाच डावा पडला, त्या दिवशी पत्र्यातून पाणी गळून सगळी पेंड भिजली."

"काका, पत्रा फुटला म्हणून भिजली ना?"

"पत्रा बी त्याच दिवशी का फुटला मग?"

प्रियांकानं तो नाद सोडला. ती म्हणली, "बरं, आपण उलटं करू. काका उजवा पुढं, काकू डावा मागं. सारखंच हाय."

"मी डावा?" आता उमादेवी तटली. "त्यांचं शुभकार्य अन् माझं काय तेरावं हाय का?"

प्रियांका खाली फरशीवर बसली. आजवर तिनं शंभर जोडप्यांना शिकवलं असंल, पण दोन उजव्या पायांचं जोडपं तिनं पहिल्यांदा बघितलं.

"ऐका माझं," उमादेवी नवऱ्याला म्हणली. "आपुन समोरासमोर उभे हाव. एकाचाच उजवा आधी जाणार. उद्या सून घरात यिल तवा माप कुणाचा पाय वलांडतो?"

"सुनंचा."

"उजवा का डावा?"

"उजवा."

"अन् तवा शिवा कुठला पाय टाकतो, हे कुणी बघतं का?"

अण्णाराव दाराशी गेले, रस्त्याकडं बघून आले. मग म्हणले, "बाईचा उजवा गेला म्हंजी घराचा गेला, असं म्हणायलीस तू."

"असंच."

"मग ठीक हाय. पण मी डावा टाकलेलं वैजीला सांगू नको."

मग गाडी जरा सुरू झाली. पुढं, बाजूला, जुळवा. मागं, बाजूला, जुळवा. चौकोन फिरून पुन्हा जागेवर. पाय चुकंनात, पण नाच काही होईना. अण्णाराव उमादेवीला असे ढकलायचे जसा हातगाडा ढकलतात, अन् मागं जाताना असे वढायचे जशी अडलेली म्हैस. तोंडानं चालूच, "हां, आता मागं. हळू. फरशी वर हाय तिथं. सांभाळ."

उमादेवीनं एकदम हात सोडले.

"तुमी बी कोपरच धरायलाव."

"कुठं? हात तर पाठीवर हाय!"

"कोपरच हाय ते. नुसतं जरा पाठीवर सरकवलंय."

प्रियांका म्हणली, "काका, हातानं काही करायचंच न्हाई. आपलं वजन आपण न्यायचं, काकूंना कळतं."

"कसं कळंल? तिला दिसत न्हाई!" अण्णाराव वरडले. "पडली मागं त्या दिवशी. शेणात बसली व्हती. मी म्होरं मिरवणुकीत, मला मागून लोकांनी सांगितलं. पुन्हा पडली तर? सगळ्या पाव्हण्यांत?"

 

उमादेवीनं हात पुढं केला. "रुमाल द्या तुमचा. डोक्याचा."

त्यांनी दिला. तिनं चाचपून त्यांच्या तोंडाला हात लावला अन् रुमाल त्यांच्या डोळ्यांवर बांधला. गाठ अशी करकचून मारली की अण्णाराव म्हणले, "अगं, जीव घेतीस का?"

"चला."

आधी तिनं त्यांचं कोपर धरलं, वैजयंती धरते तसं, अन् हिसडा देऊन निघाली. दाराशी जाऊन, उंबरा पायाला लागल्यावर वरडली, "उंबरा!" अण्णारावाचं बोट ठेचाळलं. तोंडातून अशी शिवी गेली की प्रियांकानं कानावर हात ठेवले. पुढं स्वयंपाकघर. "हळू, हळू, हळू," उमादेवी कानात म्हणायली. अण्णाराव पाय टाकायचं सोडून भिताडाला चिकटले.

"सोड गं! तू असं वढल्यावर मला पाय कुठं टाकावा त्येच उमगंना!"

"हां," उमादेवी म्हणली. "आता दुसऱ्या तऱ्हेनं."

तिनं त्यांचा हात घेऊन आपल्या पाठीवर ठेवला, दुसरा हातात घेतला. बोलली काहीच न्हाई. अण्णाराव उभे. मग त्यांना पाठीवरच्या तळहाताखाली काहीतरी कळलं. बाई हालली न्हाई, पण तिचा भार एका पायावर बसला. मग दुसरा पाय उठला. त्यांचा पाय बी उठला, कुणी न सांगता. चुलीपासून ओट्यापोत्तर, ओट्यापासून मागच्या दारात. उंबऱ्याशी ती जरा वर झाली, ते बी वर झाले. हौदाच्या कडंला वळाली, ते बी वळाले. ह्या घरात ते जन्मले होते, पण असं आंधळ्यावानी कधी फिरले नव्हते, अन् आता कशालाच धडकंनात.

हौदापाशी तिनं गाठ सोडली. उन्हानं अण्णारावाचे डोळे दिपले.

"पाय उचलायच्या आधी माणूस दुसऱ्या पायावर बसतंय," ते नवल करत म्हणले.

"हां."

"तेवढंच बघतीस व्हय तू?"

"तेवढंच सांगा मला. बाकी माझं मी बघती."

दारात उभी प्रियांका म्हणली, "मी आल्यापासून वजन वजन म्हणायले ते हेच हो काका."

"तू म्हणायलीस, पर माझं बोट कुठं ठेचाळलं व्हतं तवा," अण्णाराव म्हणले.

त्यानंतर मात्र त्यांनी मनावर घेतलं. पेंडेचं पोतं द्यायला गेले तरी काट्याजवळ उभं राहून डावा, बाजूला, जुळवा. गिऱ्हाईक विचारायचं, "अण्णा, पायाला मुंग्या आल्यात का?" ते म्हणायचे, "व्हय, पोराचं लग्न हाय."

कार्यक्रम परभणी रोडवरच्या मंगल कार्यालयात होता. उमादेवी स्टेजजवळ गेली अन् तिनं पायानं चाचपून बघितलं. खाली गालिचा अंथरलेला, जाडजूड. घरच्या फरशीनं कसं, तळव्याला सगळं सांगितलं असतं. गालिचा मुका. त्यात डीजेचा दणका असा की छातीवरच्या डबीची टक् तर सोडाच, आपलाच श्वास ऐकू येईना. वैजयंतीचा हात आधीच कोपरावर येऊन बसलेला.

"वैनी, उगं कशाला गं हट्ट? बसून टाळ्या वाजव की. पडलीस बिडलीस तर नांदेडच्या लोकांसमोर आपली इज्जत काय राहील?"

शिवकुमार बी आला. "आई, नको वाटत असंल तर मी सांगतो माईकवाल्याला. आत्ता बी बदलता येईल."

नको वाटत होतं तिला. खरं सांगायचं तर लय नको वाटत होतं. पण सोफा कुठं ठेवलाय ते तिला कळलं होतं, नव्या रेक्झीनचा वास यायलता. त्याच्यावर आज बसलं की जन्मभर बसावं लागंल, हे बी कळलं.

"वन्सं, कोपर सोडा," ती म्हणली. "शिवा, सर बाजूला."

माईकवरून नाव पुकारलं. अण्णाराव आले, म्होरं उभे राहिले, हात दिला. दोघं स्टेजवर चढले. पाठीवर तळहात आला. घामानं भिजलेला होता तो, पण आता तापल्या तव्यावर ठेवल्यासारखा नव्हता. गाणं लागलं. उमादेवीनं भार डाव्या पायावर घेतला, उजवा मोकळा केला. ठरल्याप्रमाणं.

अन् तिच्या हाताला कळलं की घात झाला.

तिचा हात त्यांच्या दंडावर होता. तो दंड जरासा खाली गेला, डाव्या अंगाला. अण्णाराव डाव्या पायावर बसले होते. म्हंजी उठणार होता उजवा. एवढी माणसं बघून, एवढे दिवे बघून, त्यांच्यातला दुकानदार जागा झाला होता. लिंगाला हात लावला असंल, शटर वर केल्यासारखं वाटलं असंल, अन् आता उजवा पाय टाकून ते आत शिरणार होते.

बोलायला येळ नव्हता, अन् डीजेत बोललं तरी कुणाला ऐकू गेलं असतं. ठरल्याप्रमाणं आपला उजवा मागं न्यावा, तर त्यांचा पंजा आपल्या डाव्यावर येणार अन् दोघं गालिच्यावर. घराचा उजवा पाय आपला हाय, असं भांडून घेतलेला हक्क होता तिचा. उमादेवीनं तो तिथंच सोडून दिला. भार झटकन उजव्यावर घेतला, अन् डावा पाय मागं टाकला.

अण्णारावाचा उजवा पुढं आला तो मोकळ्या जागंत पडला.

मग बाजूला. मग जुळवा. मग मागं. गालिचा मुका तर मुका, पाठीवरचा हात बोलत होता. दुसरा चौकोन चालू असताना अण्णारावाच्या लक्षात आलं की आपुन कुठला पाय आधी टाकला. त्यांचा तळहात असा दचकला की उमादेवीला वाटलं आता हा माणूस थांबतो. तिनं त्यांची बोटं दाबली. थांबायचं न्हाई. ते थांबले न्हाईत. पुढं, बाजूला, जुळवा. एकदा तर गाणं चढलं तसं अण्णारावानं तिला वळवलं बी, जे प्रियांकानं शिकवलंच नव्हतं. हौदाच्या कडंला शिकले होते ते.

खालून शिट्ट्या वाजल्या. नांदेडच्या बायका उठून उभ्या राहिल्या. अन् सगळ्या गोंधळात वैजयंतीचा आवाज, "अगं बया, वैनीला दिसायलंय की काय!"

गाणं संपलं. दोघं तिथंच उभे, धापा टाकत.

"उजवा टाकलाव ना?" उमादेवीनं हळूच विचारलं.

"सवय गं. पाय माझा न्हाईच ऐकला." अण्णाराव अजून घाबरलेलेच होते. "तुला कसं कळलं?"

"डाव्यावर बसला व्हताव तुमी."

अण्णारावानं नुसती मान हालवली, ती बी तिला हातातून कळली. मग पायऱ्या आल्या. ते वरडले न्हाईत, वढलं न्हाई. पहिल्या पायरीशी जरा खाली झाले, ती बी खाली झाली.

खाली वैजयंती तयारच होती. "लय भारी गं वैनी! चल आता जेवायला," म्हणत तिनं सवयीनं कोपर पकडलं.

उमादेवीनं ते शांतपणानं सोडवून घेतलं. नणंदेचा हात उचलून आपल्या पाठीवर ठेवला, दुसरा हातात घेतला. "असं, वन्सं. आता तुमी मला न्या."

"अगं, सगळे बघायलेत!"

"बघू द्या की. डावा पाय आधी टाका."

"डावा? शुभकार्याला?" वैजयंती म्हणली, अन् भावासारखीच डाव्या पायावर बसून तिनं उजवा पाय उचलला.

उमादेवीला ते आधीच कळलं होतं. पण ह्या बारीला तिनं पाय बदलला न्हाई. उलट डावा पंजा जरा वर केला, जोडव्यांसकट.

"अगं माय, माझं बोट!" जोडव्यावर आपटून वैजयंती वरडली.

"पायरी न्हाई हो वन्सं," उमादेवी म्हणली. "मी हाय. चला आता, डावा."